कंबरदुखी, झोप आणि सकाळचा उजेड : औसा तालुक्यातील प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

सोयाबीनची काढणी आटोपत आली आहे आणि उपकेंद्रासमोर कंबर, मान किंवा गुडघे धरून बसलेल्यांची संख्या दरवर्षीप्रमाणे वाढली आहे. त्यांतील फार थोड्यांचे दुखणे या काढणीतले आहे. बाकीच्यांचे मागच्या किंवा त्याच्याही मागच्या सुगीपासून चालत आलेले आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना ती दीर्घकालीन वेदना, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणातील व्याख्या लावली, तर ही सगळी मंडळी तिच्यात बसतात. प्रत्येकाच्या पिशवीत वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे असतात. कित्येकांनी ती वर्षानुवर्षे थेट दुकानातून घेतलेली असतात, आणि त्या गोळ्यांसोबत येणारी पोटातली जळजळ, वाढलेला रक्तदाब, क्वचित मूत्रपिंडाची तक्रार हीदेखील त्याच पिशवीतल्या कागदांवर लिहिलेली सापडते.

येत्या रब्बी हंगामात, म्हणजे आतापासून हरभऱ्याच्या काढणीपर्यंत, निवडक लोकांसोबत झोपेची घडी आणि सकाळचा उजेड या दोनच गोष्टींवर काम करावयाचे ठरले आहे. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावातील आशाताई, असा आमचा गट आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले कोणतेही औषध आमच्या सांगण्यावरून कोणी बंद करणार नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट केले.

कोणाला घ्यावयाचे नाही, हे ठरविण्यात आज बराच वेळ गेला आणि तो जावयासच हवा होता. ताप किंवा विनाकारण घटलेले वजन, पायातली शक्ती कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडझडीनंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असल्यास झोपेची चर्चा नंतर, आधी रुग्णालय. सकाळी हातांचे लहान सांधे सुजून तासाहून अधिक काळ आखडलेले राहत असतील, तर तो संधिवाताचा संशय समजून त्यांनाही आधी तपासणीस पाठवावयाचे. फिट येणारे, उन्माद-नैराश्याच्या विकाराचे रुग्ण आणि दृष्टिपटलाचा आजार असलेले यांना उजेडाच्या व अंथरुणातील वेळ कमी करण्याच्या उपायांत डॉक्टरांच्या संमतीशिवाय घेणार नाही. मोठ्याने घोरणाऱ्या व झोपेत श्वास अडकणाऱ्यांची यादी वेगळी केली आहे, कारण त्यांचे झोपेचे गणितच निराळे असते.

१७ ऑक्टोबर २०२४

काल कोजागिरी होती. दूध आटेपर्यंत हनुमान मंदिरापुढे बसलेल्या मंडळींनी माझ्या हातातील प्रकाशमापक यंत्र पाहून चांदण्याने झोप उडते का, असे विचारले. पौर्णिमेचे चांदणे एक लक्सच्याही (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) बरेच आत असते, त्यामुळे चंद्राचा काही दोष नाही. चौकातील हायमास्ट दिव्याखाली मात्र यंत्राचा आकडा ठळकपणे वर गेला, आणि ज्यांच्या अंगणावर तो पांढरा एलईडी उजेड रात्रभर पडतो, त्या घरांतील लोक उन्हाळ्यात तेथेच बाज टाकतात. प्रकाशशास्त्राच्या व झोपेच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये मिळून जी शिफारस प्रसिद्ध केली, तिच्यात निळसर घटकाच्या हिशेबाने मोजलेला उजेड डोळ्यांपाशी दिवसा किमान २५०, झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १० आणि झोपेत जास्तीत जास्त १ लक्स असावा, असे म्हटले आहे. आमचे यंत्र साधे असल्याने ते हा निळसर हिशेब करीत नाही. पण अंदाजासाठी पुरे आहे.

आज सकाळी घराघरांतून फिरून मोजणी केली. उघड्या आकाशाखाली सावलीतसुद्धा हजारो लक्स मिळतात, भर उन्हात हा आकडा एक लाखाच्या जवळ जातो, ढगाळ दिवशीही घराबाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतो. याउलट जुन्या दगडी माळवदाच्या घरात, जेथे भिंती हात-दीड हात जाड आणि खिडकी नावापुरती, तेथे सकाळी आठ वाजताही चुलीजवळचा आकडा शंभराच्या आत राहिला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या शेजारच्या गावांत घरे सुटी आणि खिडक्यांची आहेत, तेथे फरक लगेच दिसला. मराठवाड्याला उजेडाचा तुटवडा कसला, हा प्रश्न कालपासून मला अनेकांनी विचारला आहे. आकाशात तुटवडा नाही, हे खरे. पण गावातले अर्धे लोक ज्या वेळी उजेड कामाचा असतो, त्या वेळी छपराखाली असतात.

२४ ऑक्टोबर २०२४

आशाताईंच्या प्रशिक्षणाची पहिली फेरी झाली. दुखते म्हणून झोप येत नाही, हे सर्वांना मान्य आहे. झोप नीट नाही म्हणून अधिक दुखते, हे पटवून देणे कठीण जाते, आणि आमच्या सगळ्या कामाचा पाया तर हाच आहे.

म्हणून या विषयाची जुनी प्रायोगिक साखळी सांगितली. कॅनडातील हार्वे मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना झोपू दिले, मात्र गाढ झोप लागताच आवाज करून ती मोडली; पूर्ण जागे न करताही काही रात्रींत या माणसांचे स्नायू दाबल्यावर दुखू लागले आणि अंग जड झाले. अमेरिकेतील मायकेल स्मिथ यांच्या गटाने २००७ मध्ये निरोगी स्त्रियांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला रात्रभर मधून मधून उठविले, दुसऱ्याला तेवढीच कमी पण सलग झोप दिली. वेदना दाबून धरण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा पहिल्या गटात बिघडली, दुसऱ्यात तशी बिघडली नाही. तान्ह्या मुलाच्या आईला, आजारी सासूच्या उशाशी असलेल्या सुनेला आणि शेतात जागलीला जाणाऱ्या माणसाला हा प्रयोग समजावून सांगण्याची गरज पडत नाही. पुढे २०१९ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी एक रात्र जागविलेल्या तरुणांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा वेदना नोंदविणारा भाग अधिक भडकलेला आणि ती सौम्य करण्यास मदत करणारे भाग मंदावलेले दिसले. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे दहा हजारांहून अधिक प्रौढांना थंडगार पाण्यात हात बुडवून ठेवण्यास सांगितले असता निद्रानाशाची तक्रार असलेल्यांनी हात लवकर बाहेर काढला. दुखणे आणि झोप यांची वाट दुतर्फा आहे. परंतु २०१३ पर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांना असे आढळले की, वाईट झोपेवरून पुढच्या वेदनेचा अंदाज जितका बांधता येतो, तितका वेदनेवरून पुढच्या झोपेचा येत नाही.

मग उजेडाचा संबंध कोठे येतो, असे एका आशाताईंनी विचारले. माणसाच्या शरीरातील घड्याळाचा फेरा सरासरी चोवीस तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून ते दररोज लावून घ्यावे लागते, आणि ते लावण्याचे मुख्य साधन डोळ्यांवर पडणारा उजेड हे आहे. दृष्टिपटलातील काही मोजक्या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. त्या पेशी वस्तू पाहण्याचे काम फारसे करीत नाहीत, मेंदूच्या तळाशी असलेल्या मुख्य घड्याळाला दिवस उजाडल्याची खबर देतात. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते; रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. वय वाढले की डोळ्यातील भिंग पिवळसर होते, मोतिबिंदूत तर अधिकच, आणि हाच निळसर भाग आत कमी पोहोचतो. त्यामुळे आजोबांना नातवापेक्षा अधिक उजेड लागतो, आणि आजोबाच दिवसभर ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात बसलेले असतात.

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपल्यावर झोपवह्या गोळा केल्या. झोपवही म्हणजे शाळेच्या दुरेघी वहीत आखलेला साधा तक्ता आहे: अंथरुणावर केव्हा पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, दिवसा किती पडून राहिलो, आणि सकाळ-संध्याकाळचे दुखणे शून्य ते दहा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची वही घरातील शाळकरी मुले भरतात. ती फार काटेकोर भरतात, असा अनुभव आहे. एका नातीने आजीच्या वहीत ‘दुपारी झोपली पण नाही म्हणते’ अशी शेरेवजा नोंद केली आहे.

वह्यांतून एक गोष्ट इतक्या सरळपणे दिसली की, त्यासाठी कोणत्याही गणिताची गरज नव्हती. दुखणे असलेली माणसे अंथरुणात फार वेळ असतात. रात्री नऊला पाठ टेकायची, अकरापर्यंत कुशी बदलायच्या, दोनला जाग, चारला जाग, आणि सहाला उठून दुपारी पुन्हा आडवे व्हायचे. ‘डोळ्याला डोळा लागंना बगा, नुसती कंबर ठणकतीय,’ असे सांगणाऱ्या मावशींच्या वहीनुसार त्या नऊ तास अंथरुणात असतात आणि साडेपाच तास झोपतात. म्हणजे अंथरुणातील वेळेपैकी सुमारे ६१ टक्केच झोप. उरलेला सगळा वेळ अंधारात दुखण्याकडे लक्ष देण्यात जातो, आणि मेंदूला अंथरूण म्हणजे जागे राहून दुखणे सोसण्याची जागा, अशी सवय लागते.

यावर आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली पद्धत आम्ही वापरतो: अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळपास आणायचा, पाच तासांच्या खाली कधीही न्यायचा नाही, आणि त्यांतील ८५ टक्के वेळ झोप लागू लागली की, पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचा. जोडीला रिचर्ड बूटझिन यांची १९७२ पासून रूढ झालेली शिस्त: झोप आल्यावरच अंथरुणावर जायचे, बराच वेळ झोप न लागल्यास उठून दुसरीकडे बसायचे, उठण्याची वेळ रोज एकच. या आणि विचारांवर काम करणाऱ्या आणखी काही घटकांच्या एकत्रित उपचाराला अमेरिकेतील कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावरील पहिला उपचार ठरविले, गोळीच्या आधी.

मावशींना रात्री साडेअकरापूर्वी अंथरुणावर जाऊ नका, असे सांगितले तेव्हा त्या आणि त्यांचे यजमान दोघेही माझ्याकडे संशयाने पाहत राहिले. दुखणाऱ्या माणसाला विश्रांती घे म्हणण्याऐवजी जागा राहा म्हणणे हे आपल्याकडच्या आपुलकीच्या रीतीला धरून नाही. त्यांचा जागे राहण्याचा वेळ कसा घालवावा, यावर औषधापेक्षा अधिक चर्चा झाली. शेवटी वाती वळणे, गोधडीला टाके घालणे आणि हरिपाठ यांवर एकमत झाले. मोबाईल नको, हे सांगावे लागलेच. झोपण्यापूर्वी मिसरी लावण्याची सवय अनेक स्त्रियांना आहे. तंबाखूतील निकोटीन उत्तेजक असल्याने ती निदान संध्याकाळनंतर टाळण्याचा आग्रह धरला. चहाचेही तेच. दुपारच्या चहातील कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही अंगात असते, आणि पाहुणा संध्याकाळी सातला आला तरी आपल्याकडे चहाच होतो.

उठण्याची वेळ पाळण्यासाठी या महिन्यात गावातच एक तयार व्यवस्था आहे. काकड आरती सुरू आहे, पहाटेची घंटा सर्वांना ऐकू येते, आणि आरतीनंतर मंडळी तांबडे फुटेपर्यंत मंदिराच्या पायऱ्यांवर बसतात. प्रकल्पातील बहुतेक वारकरी मंडळींनी उठण्याची वेळ घड्याळावर न ठरविता या घंटेवर ठरविली. कार्तिकी पौर्णिमेनंतर काकडा संपेल. तोपर्यंत सवय मुरली तर बरे.

एका गृहस्थांची वही बाजूला ठेवली आहे. त्यांना रोज पहाटे चारच्या आसपास दचकून जाग येते आणि हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपापासून चालू आहे. ही झोपेच्या शिस्तीने सुटणारी बाब नाही. त्यांना समुपदेशनासाठी जिल्हा रुग्णालयात पाठविण्याचे ठरले. कंबरेसाठीचे व्यायाम मात्र येथेच सुरू ठेवले.

१८ नोव्हेंबर २०२४

गावात सर्वांत आधी उठतात त्या बायका, आणि सूर्य सर्वांत उशिरा पाहतात त्याही बायकाच. पहाटे साडेचारला चूल, मग भाकरी, डबे, मुलांची शाळा, जनावरांचे शेण. यांतील बहुतांश काम आतल्या अंधाऱ्या खोलीत किंवा गोठ्यात होते. पुरुष त्याच वेळी पारावर बसून उजेड फुकट मिळवितात. त्यामुळे ‘सकाळी अर्धा तास मोकळ्या उजेडात बसा’ ही सूचना अर्ध्या गावाला निरर्थक ठरते. बसायला वेळ कोणाला आहे?

आज आशाताईंसह पाच-सहा घरांत सकाळच्या कामांची यादी केली आणि कोणते काम घराबाहेर नेता येईल, एवढेच पाहिले. भाजी निवडणे, धान्य पाखडणे, ताक घुसळणे, मुलींच्या वेण्या घालणे, कणीक मळणे ही कामे पूर्वेकडच्या ओसरीवर किंवा अंगणात सहज होऊ शकतात. जेथे सासूबाईंना पटले तेथे ते लगेच झाले. उन्हातच बसले पाहिजे असे नाही. आकाश दिसेल अशा सावलीतही पुरेसा उजेड मिळतो, पदर डोक्यावर असला तरी चालते, मात्र तोंड उजेडाकडे हवे. उठल्यापासून पहिल्या दोन तासांत अर्धा ते एक तास, असा आमचा सर्वसाधारण नियम आहे.

अर्धशिशीचा त्रास असलेल्या दोघींना प्रखर उजेडाने डोके उठते. त्यांना ओसरीच्या सावलीतच थांबण्यास सांगितले आहे.

३ डिसेंबर २०२४

एका हितचिंतकांनी पुण्याहून हिरव्या एलईडीचे दिवे देण्याची तयारी दाखविली आहे आणि सोबत मोबाईलवर फिरणारी एक चित्रफीतही पाठविली आहे, जिच्यात हिरव्या उजेडाने सगळी दुखणी जातात, असे सांगितले आहे. त्यांना उत्तर लिहिण्यापूर्वी उपलब्ध माहिती येथे नोंदवून ठेवतो.

या कल्पनेला आधार नाही, असे नव्हे. अॅरिझोना विद्यापीठातील मोहब इब्राहिम, राजेश खन्ना व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उंदरांना रोज काही तास हिरव्या उजेडात ठेवले, तेव्हा त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढली आणि उजेड बंद केल्यावरही हा परिणाम काही दिवस टिकला. उंदरांच्या डोळ्यांत हिरवी भिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स) बसविल्यावर परिणाम झाला, अपारदर्शक भिंगांनी झाला नाही. म्हणजे मार्ग डोळ्यांतून जातो. शरीरातील नैसर्गिक अफूसदृश द्रव्यांना अडविणारे औषध दिल्यावर तो नाहीसा झाला. त्यानंतर याच गटाने अर्धशिशीच्या २९ आणि फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे सर्वांगाचे स्नायू दीर्घकाळ दुखत राहण्याच्या विकाराच्या, २१ रुग्णांना आधी पांढरा व नंतर हिरवा उजेड दररोज एक ते दोन तास, दहा आठवडे दिला, आणि हिरव्या उजेडात दुखणे कमी झाल्याची नोंद केली. रुग्ण थोडे, क्रम सर्वांचा तोच, आणि आपण कोणत्या रंगाखाली बसलो आहोत हे झाकणार कसे? एवढ्यावर मी गावातल्या माणसाला पैसे खर्च करण्यास सांगणार नाही.

सकाळच्या तेजस्वी उजेडाचा पुरावाही डोंगराएवढा नाही, हे येथेच लिहिलेले बरे. हेलन बर्जेस यांच्या गटाने जुनाट कंबरदुखी असलेल्या अमेरिकी माजी सैनिकांना घरी रोज सकाळी एक तास, १३ दिवस तेजस्वी उजेड दिला. वेदना, तिच्यामुळे कामात येणारा अडथळा आणि झोप, तिन्हींत सुधारणा झाली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पिट्सबर्ग येथील रुग्णालयात कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला अधिक बोलका वाटतो: इमारतीच्या उजळ बाजूला ठेवलेल्या रुग्णांना तासागणिक २२ टक्के कमी वेदनाशामक लागले. ते शस्त्रक्रियेनंतरचे ताजे दुखणे होते, आमच्या लोकांचे जुने आहे, हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

मग एक सोडून दुसरे का निवडावे? आमचे कारण साधे आहे. सकाळच्या उजेडाचा झोपेच्या घड्याळावरील परिणाम पक्का आहे, त्याला पैसे पडत नाहीत, त्याने चालणेही होते, आणि दुखणे कमी झाले नाही तरी त्यातून काही बिघडत नाही. हितचिंतकांना आभाराचे पत्र लिहिले आणि त्याऐवजी उपकेंद्राच्या पूर्वेकडील भिंतीलगत बसण्यासाठी दोन बाकडी देता येतील का, असे विचारले.

१९ डिसेंबर २०२४

या नोंदीची मला भीती होती. हरभरा आणि ज्वारी यांना पाणी देण्याचे दिवस सुरू झाले आहेत, शेतीपंपाची थ्री-फेज वीज आलटून पालटून काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री येते, आणि रात्रीची पाळी लागली की, प्रकल्पातील पुरुषांच्या वह्या विस्कटतात. थंडीत, ओल्या चिखलात, वाकून रात्रभर दारे धरायची, सापाकिड्याची धास्ती वेगळी, आणि पहाटे घरी येऊन दिवसा तुकड्यातुकड्यांनी झोपायचे. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात दुखण्याचा आकडा वर गेलेला दिसतो. तो वाकण्याने किती गेला आणि जागरणाने किती, हे वेगळे काढणे शक्य नाही. ज्यांच्याकडे पाणी नाही, ते रानडुकरांसाठी जागलीला असतात.

झोपेवरील पुस्तकांत पाळीच्या कामगारांसाठी सल्ले असतात, पण ते कारखान्याच्या पाळीला धरून असतात. आमच्याकडे वीज येईल ती वेळ. त्यातल्या त्यात एक तत्त्व उपयोगी पडले. माइनर्स आणि वॉटरहाउस या इंग्लंडमधील संशोधकांनी १९८१ मध्ये दाखविले की, झोपेच्या एकूण वेळेपैकी चार तास जरी रोज ठरावीक वेळी घेतले आणि बाकीचे इकडेतिकडे गेले, तरी शरीराचे घड्याळ बऱ्याच अंशी जागेवर राहते. रात्रभर बाहेर असणाऱ्याला हे जमत नाही. परंतु ज्यांच्या पंपाला ऑटो स्टार्टर आणि शेतात तुषार संच आहे, त्यांना पाइप बदलण्यापुरतेच जावे लागते, आणि अशांनी पहाटे दोन ते सहा ही झोप दोन्ही पाळ्यांत सांभाळावी, असे ठरविले. दोन भावांनी रात्री वाटून घेतल्या. इतरांच्या बाबतीत रात्रपाळीचा आठवडा आम्ही मोजणीतून वगळला आणि त्या आठवड्यात झोपेची कोणतीही शिस्त लावायची नाही, मिळेल तेव्हा अंधाऱ्या खोलीत झोप काढायची, असे सांगितले. झोप आधीच तुटलेली असताना अंथरुणातील वेळ आणखी कमी करणे धोक्याचे आहे. ट्रॅक्टर चालविणाऱ्यांसाठी तर फारच.

दिवसा वीज मिळावी म्हणून शासनाने २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आहे आणि तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. तिच्याविषयीची चर्चा नेहमी पिकाच्या आणि सापाच्या अंगाने होते. कंबरदुखीच्या अंगाने कोणी बोललेले ऐकले नाही, म्हणून ग्रामसभेपुढे ठेवण्याच्या टिपणात हा मुद्दा घातला आहे.

३१ डिसेंबर २०२४

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, झाली. सारा गाव दिवसभर शेतात होता. आंबील, भज्जी, उंडे आणि ज्वारीच्या ताटांची खोप. आज आलेल्या वह्यांत बहुतेकांनी रात्रीची झोप चांगली लिहिली आहे. एका दिवसावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही, आणि आंबीलही हिशेबात धरावी लागेल.

२२ जानेवारी २०२५

सूर्य आता सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेपाचला उठणाऱ्यांचा दीड तास अंधारातच जातो. त्यांना उठण्याची वेळ बदलायला न सांगता उजेडाची वेळ साडेसातपर्यंत पुढे नेली.

मधल्या तपासणीत एक क्रम वारंवार दिसला. पहिल्या दोन आठवड्यांत माणसे अधिक थकतात आणि चिडतात. याच काळात काही जणांनी वही परत केली. टिकलेल्यांची झोप आधी सलग होते, मग दुपारचे आडवे होणे कमी होते, आणि दुखण्याचा आकडा सर्वांत शेवटी, तोही थोडा, हलतो. निद्रानाशावरील या उपचाराचे जुनाट वेदनेच्या रुग्णांवर जे अभ्यास झाले आहेत, त्यांतही झोपेवर परिणाम ठळक आणि वेदनेवर माफक, असेच चित्र आहे. नऊ तास अंथरुणात असणाऱ्या त्या मावशींचे दुखणे त्यांच्या मते ‘हाय तसंच हाय’, परंतु त्या आता बाजाराच्या दिवशी औशाला एसटीने जाऊन येतात, आणि संक्रांतीला त्यांनी तिळाच्या पोळ्या स्वतः लाटल्या. आमच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. तो आता घातला आहे: मागच्या महिन्यात न जमणारे कोणते काम या महिन्यात जमले?

घोरणाऱ्यांच्या यादीतील एका काकांची तपासणी लातूरला झाली आणि झोपेत श्वास थांबण्याचा विकार निघाला. त्यांना आमच्या शिस्तीत घेतले नाही, हे योग्यच झाले.

१४ फेब्रुवारी २०२५

गावात आमचे काम ‘ड जीवनसत्त्वाचा प्रकल्प’ म्हणून ओळखले जाऊ लागले आहे, त्यामुळे आजच्या बैठकीत हा घोळ मिटविणे भाग होते. ड जीवनसत्त्व त्वचेवर पडणाऱ्या अतिनील किरणांमुळे तयार होते, आणि ते किरण सूर्य वर आल्यावर, दुपारच्या आसपास अधिक असतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते अगदी थोडे मिळतात. आम्ही सांगतो तो उजेड डोळ्यांसाठी आणि घड्याळासाठी आहे. ज्यांना हाडे दुखण्याची तक्रार आहे व ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासणीत निघाली आहे, त्यांचा उपचार वेगळा.

त्याहून गंभीर बाब म्हणजे एका तरुणाने उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहण्याचा सराव सुरू केला होता आणि तो इतरांनाही शिकवीत होता. सूर्याकडे थेट पाहिल्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. उजेडाकडे तोंड करून बसावयाचे, सूर्याकडे पाहावयाचे नाही, हे वाक्य आता फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

१२ मार्च २०२५

हरभरा निघाला. अखेरची तपासणी झाली आणि वह्या बंद केल्या. आकडे उत्साहवर्धक दिसतात, पण रब्बीत वाकण्याची कामे सोयाबीनच्या काढणीपेक्षा कमी असतात, थंडी सरली की अनेकांचे सांधे तसेही मोकळे होतात, आणि चार महिने कोणीतरी आपुलकीने विचारपूस केल्याचाही परिणाम असतोच. तुलनेसाठी शेजारच्या गावात नुसत्या वह्या भरून घेतल्या असत्या तर चित्र अधिक स्पष्ट झाले असते. पुढच्या खरिपानंतर तसे करण्यासाठी तेथील उपकेंद्राशी बोलणे झाले आहे. गोळ्यांचा वापर कमी झाल्याचे काही जण सांगतात. पाकिटे मोजण्याची पद्धत नसल्याने ते तूर्त केवळ सांगणे म्हणूनच नोंदविले आहे.

उन्हाळ्यासाठीचे नियम वेगळे करावे लागतील. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि नऊपर्यंत ऊन सोसवेनासे होते, म्हणून उजेडाची वेळ सहा ते सात. पत्र्याच्या खोल्या मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान उतरावे लागते, आणि अशा खोलीत ते उतरत नाही. तेथे अंथरुणातील वेळ कमी करण्याचा उपाय थांबवून माळवदावर किंवा अंगणात झोपण्यावर भर द्यावयाचा आहे. हायमास्ट दिवा रात्री अकरानंतर बंद करावा किंवा त्याला वरून झाकण घालावे, असा अर्ज ग्रामपंचायतीला दिला असून चोरीच्या भीतीने काही जणांचा त्याला विरोध आहे. झाकणावर तडजोड होईल, असे दिसते. झोपवहीचा नवा तक्ता, ‘कोणते काम जमले’ या रकान्यासह, मृगाच्या आधी छापून घ्यावयाचा आहे.